अण्णांची हातपाटी

अण्णांची जीभ जांभळी झालेली पाहून मॅनेजरसाहेबांनी त्यांना हातातलं काम टाकून डॉक्टरकडे पिटाळलं, तेव्हा मला बंगलोरला येऊन जेमतेम महिना झाला होता. साहेबांना वाटलं, हेडक्लार्कने भलतंसलतं काही खाल्लं आणि आता ऑफिसातच राम म्हणतोय. सोबतीला मला धाडलं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारून पाहिली आणि घाबऱ्याघुबऱ्या कानडीत विचारलं, काय खाल्लंत?

स्वतः सांगायची लाज वाटून अण्णा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "खाल्लो काही नाही. लिहिलो म्हणून सांगा यांना."

आता मला कानडीचा गंध नाही, मी काय सांगणार? शेवटी अण्णांनी कोटाच्या खिशातून कॉपिंग पेन्सिलीचं थोटूक काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. ही पेन्सिल ओली केल्याशिवाय नीट उमटत नसे, आणि ओली केली की जांभळी होई. सकाळी जटक्यातून ऑफिसला येताना अण्णांनी वाटेतल्या बाजाराचं वर्णन लिहायला घेतलं होतं आणि दर दोन शब्दांना तिचं टोक जिभेला लावलं होतं. जटका म्हणजे तिथला टांगा, फक्त छत बुटकं आणि धक्के दणदणीत. डॉक्टरांनी फी घेतली नाही. इतकं हसायला मिळालं त्यातच त्यांची वसुली झाली असावी.

अण्णांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: प्रवासात टिपणं करायला एक साधं, अंगाबरोबर नेता येईल असं साधन. बंगला नको, बढती नको. लोक देव शोधतात, अण्णा हे शोधत होते. त्यांचं तत्त्वज्ञानही तयार होतं. "प्रवास म्हणजे डोसा हो पुणेकर," ते मला सांगत. मी पुण्याचा, म्हणून ते मला पुणेकर म्हणत; माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. "तव्यावरनं काढला की तिथंच खायचा. घरी बांधून नेला की चामडं होतं. बघितलेलं तिथंच गरम गरम उतरवायला पाहिजे."

मागून आठवून लिहावं, तर अण्णांची स्मरणशक्ती म्हणजे फुटकी घागर. चष्मा कपाळावर ठेवून ते तो ऑफिसभर शोधत. एकदा स्वतःच्याच मुंजीचं निमंत्रण मिळालं नाही म्हणून ते कुणावर तरी रागावल्याचं मला ऑफिसातल्यांनी सांगितलं होतं. खरं खोटं ते सांगणारे जाणोत. तेव्हा साधन हवंच होतं.

फाउंटन पेन त्यांनी फार पूर्वीच बाद केलं होतं. जटक्याच्या एका धक्क्याला ते शर्टावर जेवढं लिहायचं, तेवढं कागदावर दिवसभरात लिहीत नसे. मग कॉपिंग पेन्सिल आली, तिचा निकाल डॉक्टरांनी लावला. मग कॅन्टोन्मेंटमधल्या कुणा ओळखीच्याकडून अण्णांनी पेटीतला छोटा टाइपरायटर उसना आणला. त्यावर अक्षरं इंग्रजी, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत बडवायचा. मांडीवर पेटी घेऊन अण्णा जटक्यात बसले, शेजारी मी. जटकेवाला वाटेतल्या लोकांना हटवायला पायाने घंटी वाजवायचा आणि घंटी झाली की घोडा चाल वाढवायचा, अशी त्या दोघांची जुनी समजूत होती. टाइपरायटरची ओळ संपली की तोही टिंग करी. झालं! अण्णांची ओळ संपली की घोडा उधळे. घोडा उधळला की अण्णांना लिहायला आणखी काही दिसे, ते आणखी जोरात बडवत, आणखी टिंग. लालबाग नावाच्या तिथल्या मोठ्या बागेच्या फाटकापाशी आम्ही उतरलो तेव्हा जटकेवाला घोड्याची माफी मागत होता.

त्यानंतरची जादूची पाटी तर मुलांचं खेळणं होतं. काळ्या मेणावर करडा पातळ कागद. काडीने लिहायचं आणि कागद उचलला की सगळं साफ. वजन नाही, शाई नाही, अण्णा बेहद्द खूश. लालबागेत बाकावर बसून त्यांनी त्या पाटीवर सकाळभर वर्णन लिहिलं आणि जपून, दोन्ही हातांत धरून, पायी घरी आणलं. नक्कल करायला शाई काढेपर्यंत पाटी अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, हाती पडली.

"खाली काय हाय म्हणून उचलून बघितले की रे," अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मी ओसरीवर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अण्णा भिंतीला टेकून खालीच बसले. पुढे कधीही लालबागेचा विषय निघाला, की ते म्हणायचे, तेवढं चांगलं मी जन्मात दुसरं लिहिलो नाही. म्हणायला काय जातं? तपासणार कोण?

अक्का थोरल्या, अण्णा धाकटे. घर दोघांचंच. माडीवरची खोली मला भाड्याने दिलेली. पिढ्यानपिढ्या बंगलोरात राहिलेलं मराठी घर. किती पिढ्या ते अण्णांनाही सांगता येत नसे. शाळा कानडीत, बाजार कानडीत, उंबऱ्याच्या आत मात्र मराठी. पण ती मराठी मी ऐकली ती चोरून. अक्का माझ्याशी फक्त कानडी बोलायच्या. सकाळ-संध्याकाळ "ऊट आयता?" म्हणजे जेवलात का, आणि मी मान हलवायचो. मला वाटलं, बाईंना मराठी येत नाही. मग एकदा दुधाला तोंड लावलेल्या मांजराला त्यांनी अशा अस्सल मराठीत घराबाहेर काढलं, की मी जिन्यातच थबकलो.

कारण अण्णांनी सांगितलं. कुणाच्या तरी लग्नात पुण्याकडचे पाहुणे आले होते. पंगतीत अक्का त्यांना आग्रह करत होत्या, "मी केले हाय, स्वल्प घ्या की." त्यावर एक बाई हसल्या, मग त्यांची शेजारीण हसली, मग अख्खी पंगत. "ही कुठली हो मराठी?" असं कुणीतरी विचारलं. अक्कांनी वाढण्याचं भांडं खाली ठेवलं. तेव्हापासून पुण्यामुंबईच्या माणसासमोर त्यांनी मराठीचा शब्द काढला नव्हता.

"म्हणून मला एकदा छापून यायला पाहिजे," अण्णा म्हणाले. "आमचं बोलणं. पुण्यात. एक पान पुरे."

 तोवर मी त्या माणसाच्या साधनांना नुसता हसत होतो. हसणं त्यानंतरही थांबलं नाही, ते थांबणं शक्यच नव्हतं, पण आता मीही त्यात पडलो.

अण्णांनी पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना कार्ड टाकलं होतं: म्हैसूरचा दसरा डोळ्यांनी बघून लिहू का? संपादकांचं उत्तर आलं, लिहा, शेवटचा फॉर्म, म्हणजे छपाईची शेवटची पानं, तुमच्यासाठी अडवून ठेवतो, पण दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत मजकूर हातात पडला पाहिजे. अण्णांनी ते कार्ड ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, पट्टेवाल्यापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत. साहेबांना मराठी येत नव्हती, तरी त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

आणि त्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, साधन सापडलं!

गल्लीच्या तोंडाशी एक सुतार बसे. त्याच्या कानावरची पेन्सिल अण्णांनी रोज पाहिली होती, पण दिसली त्या दिवशी. चपटी. गाडीत ठेवली तर घरंगळत नाही, टोक मोडत नाही, गळत नाही, चाटावी लागत नाही. अण्णांनी त्याच सुताराकडून तळहाताएवढी फळी तासून घेतली, तिला कागद धरणारा चाप लावला आणि चांभाराकडून दोन पट्टे ठोकून घेतले. फळी डाव्या हातावर बांधायची, पेन्सिल दोऱ्याने लोंबती. उजव्या हाताने लिहायचं. हिचं नाव हातपाटी. जटक्यात चाचणी झाली. अक्षर वाचता आलं! रस्त्यात तिघाचौघांनी हात कसा मोडला म्हणून विचारलं, एका म्हाताऱ्याने हाडवैद्याचा पत्ता दिला. अण्णांनी तो हातपाटीवर लिहून घेतला.

नवमीला तिकडे आयुधपूजा. बंगलोरात तो दिवस मोठा. ऑफिसात टाइपरायटरांना हार, रस्त्यात बसला हार, सायकलीला हार, उंबऱ्यावर फोडलेले कोहळे. घरी अक्कांनी पाट मांडला. त्यावर विळी, कात्री, शिवणाचं मशिन, पोथ्या आणि माझ्या खिशातून न विचारता काढून घेतलेलं माझं पेन. आनंदाने फुललेल्या अण्णांनी हातपाटी आणली, स्वतः तिला हळदकुंकू लावलं, चमेलीचा गजरा गुंडाळला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली. मी नमस्कार केला. जोडप्याच्या पाया पडावं तसं फळी-पेन्सिलीच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पहाटेची म्हैसूरची गाडी. अण्णा कोट चढवून तयार. हात पुढे करून पाटाशी वाकले, तोच मागून आवाज आला, मी अजून जिन्यातच होतो म्हणून मराठीत.

"हां! हात लावायचा नाही."

"अक्का, गाडी हाय."

"असू दे. पूजा संध्याकाळी उतरती. बन्नीची पानं आणल्यावर. तोवर देवीचं हाय ते."

बन्नी म्हणजे शमी, आपल्या आपट्यासारखी तिची पानं तिकडे दसऱ्याला वाटतात. अण्णांनी डोक्याला हात लावला. त्या घराचा नेम असा, की पूजेला बसवलेल्या आयुधाला पूजा उतरेपर्यंत शिवायचं नाही, आणि तोवर घरातल्या कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. हा नेम अण्णांना जन्मापासून ठाऊक होता. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही गजरा बांधून.

"स्टेशनावर दुसरी पेन्सिल घेऊ," मी वाटेत म्हटलं.

"अय्यो! सरस्वती घरी पाटावर बसली हाय, आणि मी चोरून लिहू?" ते इतके दुखावले, की मी तो विषय सोडला.

गाडी हलली. डब्यात आमच्या समोर मंड्याला लेकीकडे निघालेल्या एक भरभक्कम बाई, खिडकीशी नवं लग्न झालेलं जोडपं आणि दाराजवळ बांगड्यांच्या पेट्या घेतलेला एक चाचा. अण्णा बाहेर बघत आणि तळमळत. रामनगरचे प्रचंड खडक आले, तशी त्यांना राहवेना. बघितलेलं डोक्यातून सांडणार, हे त्यांना ठाऊक होतं. ते एकदम उठून उभे राहिले आणि समोरच्या बाईंना हात जोडून कानडीत म्हणाले (मला नंतर सांगितलं), "अम्मा, हे खडक तुम्ही स्वल्प ठेवून घ्या."

बाई दचकल्या. अण्णांनी सारी हकिकत सांगितली: पूजा, हातपाटी, पुणे, शेवटचा फॉर्म. सगळा डबा ऐकायला पुढे सरकला. मग बाई गंभीरपणे म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं, देवीचं काम आहे, खडक माझे. त्यांनी खिडकीतून ते असे न्याहाळून घेतले, जणू बाजारात घ्यायचे होते.

मग काय, वाटपच सुरू झालं. राजवाड्याची मिरवणूक निघाली की अंबारीचा हत्ती कुणी लक्षात ठेवायचा? नवऱ्या मुलाने हात वर केला. बायको म्हणाली, हत्ती मी ठेवते, यांना भाजी आणायला सांगितलेलं राहत नाही. भांडण नको म्हणून अण्णांनी दोघांत मिळून एक हत्ती दिला. चाचाला घोडेस्वार देऊ केले, तर तो म्हणाला, "घोडे नक्को मेरेकु. लोगां देव. मैं लोगां देखतुं." सगळी गर्दी चाचाच्या नावावर झाली. मला बँड मिळाला, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. अण्णा प्रत्येकाला पत्ता सांगत सुटले: परवा सकाळी घरी या, कॉफी देतो, माझं मला परत द्या. मद्दूरला सगळ्यांनी वडे खाल्ले आणि अण्णा बाईंकडे धास्तीने बघत राहिले, की वड्याबरोबर खडक गिळले की काय. मंड्याला बाई उतरल्या. गाडी सुटली तरी फलाटावरून हात हलवत ओरडत होत्या, "बंडे! बंडे!" म्हणजे खडक आहेत, विसरले नाही.

मिरवणूक मी वर्णन करणार नाही. ती ज्यांची होती त्यांनाच शोभते. एवढंच सांगतो, की त्या तोबा गर्दीत आम्ही चौघं नेमून दिलेल्या जागी टक लावून उभे होतो, आणि अण्णा मधोमध, रिकामे, दोन्ही हात मोकळे, तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखे नुसतं बघत होते. जन्मात पहिल्यांदाच त्यांना काही लिहायचं नव्हतं.

ठरल्या सकाळी अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले. पूजा उतरलेली, हातपाटी हातावर करकचून बांधलेली. प्रवासासाठी जन्मलेलं ते यंत्र पहिल्यांदा कामाला लागलं ते घरच्या ओसरीवर. मी मनात म्हटलं, येतंय कोण! गाडीतली ओळख फलाटापर्यंत.

पहिला चाचा आला. कॉफी बशीत ओतून म्हणाला, महाराजांची अंबारी समोर आली, तशा सगळ्या बायकांनी हात वर करून जोडले आणि "सब चूड़ियां एक साथ कोहनी पो आ गयां. उसका आवाज, अण्णा! बँड नै सुनाई दिया." माझ्या बँडची त्यामुळे सुटका झाली. मग जोडपं आलं. तो म्हणे, हत्ती सरळ बघत होता. ती म्हणे, हत्तीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वाद झाला, आणि शेवटी तो लाजून कबूल झाला, की आपण हत्ती पाहिलाच नाही, हिच्याकडे बघत होतो. अण्णांनी ते लिहून घेतलं. सर्वांत शेवटी एक अनोळखी तरुण दारात उभा राहिला. तो मंड्याला उतरलेल्या बाईंचा जावई. कामानिमित्त बंगलोरला निघाला होता, तर सासूबाईंनी त्याच्याबरोबर खडक पाठवले होते. त्याने ते उभ्या उभ्या, पाठ केलेल्या धड्यासारखे म्हणून दाखवले: देवांच्या घरी जेवणावळ होती, नाचणीचे मुद्दे, म्हणजे मोठाले उंडे, वळून ठेवले, आणि देव जेवायला आलेच नाहीत. एवढं बोलून त्याने घाम पुसला.

अक्का आतून कॉफीमागून कॉफी पाठवत होत्या आणि दाराआडून ऐकत होत्या.

अण्णा लिहीत गेले. कानडी, दखनी, काय येईल ते त्यांच्या हातात त्यांच्या घरच्या मराठीत उतरत होतं. संध्याकाळी त्यांनी कागद मला वाचायला दिले. पहिलंच वाक्य होतं, "आमचे अक्का सांगितले, आज लिहायचे नाही." मी वाचताना दोनदा हसून लोळलो आणि मग पुण्याच्या काळजीने म्हटलं, "अण्णा, मी जरा शुद्ध करून देऊ? संपादक मंडळी फार चिकित्सक असतात."

त्यांनी कागद माझ्या हातून हळूच काढून घेतले. "स्वल्प थांबा, पुणेकर. तुम्ही शुद्ध केला की ते तुमचं होतं. परत यायचं असेल तर माझं मला परत येऊ दे."

कागद गेले. नंतरचे दिवस अण्णांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पोस्टमन गल्लीत शिरला की ते ओसरीवरून उठून मागच्या अंगणात जात. साभार परत आलेलं पाकीट अक्कांच्या देखत हातात घ्यायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. अक्काही काही विचारत नव्हत्या. घरात दोघं एकमेकांना चुकवून वावरत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अंक आला. वेष्टण मीच फोडलं. अगदी शेवटच्या पानांत, जाहिरातींच्या शेजारी, पण होतं! एक शब्द बदललेला नव्हता. अण्णांनी एक ओळसुद्धा वाचली नाही. अंक तसाच उघडा धरून ते स्वयंपाकघरात गेले आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवून बाजूला उभे राहिले, परीक्षेला बसल्यासारखे.

अक्कांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पोथी वाचतात तसं ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. बांगड्यांपाशी त्यांचे ओठ हलले. हत्तीपाशी पदर तोंडाशी गेला. चुलीवरचं दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे नाही, माझ्याकडे, आणि मराठीत म्हणाल्या,

"हे आमच्या घरचं बोलणं की हो."

"हो, अक्का."

"असंच्या असं छापतात काय तुमच्यात?"

"छापलंय ना. हे काय, समोर आहे."

"मग त्या दिवशी हसले कशाला ते?"

मी उठून उतू गेलेलं दूध उतरवलं. अण्णा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. अक्कांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी पान मागे उलटलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, घसा खाकरला आणि शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "आमचे अक्का सांगितले..."